दोन वैमानिक : एक शिळा आणि एक पत्र

युद्धात कामी आलेल्या तरुणांविषयीचे वाङ्मय वाचताना टीकाकाराची मोठी अडचण होते. इतर ग्रंथांचे गुणदोष जसे मोकळ्या मनाने सांगता येतात, तसे येथे सांगता येत नाहीत. ज्या आईबापांच्या दुःखातून तो मजकूर जन्मास आला, त्यांच्यापुढे शब्दांची चिकित्सा करीत बसणे पुष्कळांस असभ्यपणाचे वाटते. परिणाम असा होतो की, हे वाङ्मय एक तर डोळ्यांस पदर लावून वाचले जाते, नाही तर 'हा सारा सरकारी प्रचार' असे म्हणून बाजूस सारले जाते. या दोन्ही रीतींत मजकूर वाचावयाचा तेवढा राहून जातो.

प्रस्तुत लेखात असे दोन मजकूर सावकाश वाचून पाहण्याचा विचार आहे. पहिला फ्रान्सच्या उत्तरेस एका दफनभूमीतील शिळेवर कोरलेली एक ओळ आहे. ती मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकर या वैमानिकाच्या शिळेवर आहे. तो पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या जून महिन्यात वारला. दुसरा मजकूर म्हणजे व्हिव्हियन रोझवर्न या इंग्रज वैमानिकाने आपल्या आईस लिहिलेले पत्र. तो दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानावर होता आणि १९४० च्या मे महिन्याच्या अखेरीस मारला गेला. पंचविशीही न गाठलेले असे हे दोन तरुण. दोघांच्या मजकुरांत एक शब्द समान आहे. तो शब्द 'साम्राज्य'. या एका शब्दाचे वजन दोन्हीकडे सारखेच भरते काय, हा या लेखाचा विषय होय.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. हा लेख भातसेच्या काठी, खडवलीस लिहिला जात आहे. येथून कल्याणकडे जाणारी गाडी टिटवाळा व आंबिवली ओलांडून शहाडला आली, की उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले, गावास नवे नाव मिळाले, परंतु लोकांच्या तोंडचा 'कॅम्प' हा शब्द काही गेला नाही. त्याच्याही पलीकडे, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळी येथे त्याच युद्धात विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली, आणि तिच्याकरिता भोवतालच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या. त्या जमिनींचे दुखणे इतके खोल गेले की, जून २०१७ मध्ये, म्हणजे सुमारे पंचाहत्तर वर्षांनी, तेथील शेतकरी रस्त्यावर उतरले व जाळपोळीपर्यंत गोष्टी गेल्या. आकाशात लढल्या गेलेल्या युद्धाने ठाणे जिल्ह्याच्या जमिनीवरही आपली खूण ठेवली आहे. तेव्हा त्या युद्धाच्या वाङ्मयाचा हिशेब मागण्याचा आपल्यास अधिकार आहे, आणि तो न्यायाने मागण्याची जबाबदारीही आहे.

प्रथम वेलिणकराकडे वळू. त्याचा जन्म १८९४ साली मुंबईस झाला, आणि पुढे तो केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकला. युद्ध सुरू झाल्यावर त्याने विमानदलाचा मार्ग धरला. हिंदी तरुणास त्या काळी हा मार्ग किती बिकट होता, हे हरदित सिंग मलिक याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ऑक्सफर्डच्या या पंजाबी पदवीधरास ब्रिटिश विमानदलाचे दार उघडेना, तेव्हा तो फ्रेंचांच्या विमानदलाकडे वळू लागला. हे पाहून त्याच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकाने वरिष्ठांस पत्र लिहिले, आणि मग कोठे १९१७ साली त्यास अधिकारपद मिळाले. मलिक, वेलिणकर, इंद्रलाल राय आणि एरॉल चंदर सेन या चौघा हिंदी तरुणांनी त्या युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने वैमानिक म्हणून लढाई केली. त्यांतील वेलिणकर व राय हे दोघे परत आले नाहीत.

वेलिणकर तेविसाव्या तुकडीत सॉपविथ डॉल्फिन जातीचे विमान चालवीत असे. हे विमान लढाऊ होते, बाँबफेकी नव्हे. त्याची रचना अशी की, चालकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे त्यास चहूकडे उत्तम दिसे. परंतु उतरताना विमान उलटले तर प्रथम त्याच्याच डोक्यावर आपटावयाचे, ही धास्तीही असे. हवाई छत्री ब्रिटिश विमानांच्या चालकांस त्या काळी दिली जात नसे. २७ जून १९१८ रोजी वेलिणकर उड्डाणास गेला तो परतला नाही. जखमी अवस्थेत तो जर्मनांच्या हाती सापडला आणि तीन दिवसांनी, ३० जून रोजी, वारला. वय वर्षे तेवीस.

त्याच महिन्यात मुंबईत काय चालले होते, हे येथे आठवले पाहिजे. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी टाऊन हॉलमध्ये युद्ध परिषद बोलाविली होती. साम्राज्याच्या रक्षणास माणसे हवी होती. लोकमान्य टिळक बोलावयास उभे राहिले, आणि स्वसंरक्षणाचा प्रश्न स्वराज्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख दिसताच गव्हर्नरांनी त्यांस अडविले. लोकमान्य सभा सोडून निघून गेले. या प्रसंगानंतर सतरा दिवसांनी मुंबईचाच एक तरुण त्या साम्राज्याच्या गणवेशात फ्रान्सच्या आकाशातून खाली पडला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्यावाचून त्याच्या शिळेवरील ओळ कळणार नाही.

वेलिणकरास प्रथम जर्मनांनी पुरले, आणि थडग्यावर 'वुमकर' असे काही तरी नाव लिहिले. ज्या लिपीत हे नाव कधी लिहिले गेले नव्हते, ज्या जिभेवर ते कधी आले नव्हते, तेथे ते असे मोडले यात नवल नाही. 'वुमकर' म्हणजेच वेलिणकर, हा उलगडा १९२१ साली झाला. आज त्याची शिळा सोम प्रांतातील हँगार्ड येथील दफनभूमीत आहे, आणि तिच्यावर इंग्रजीत एक ओळ आहे. साम्राज्याच्या शूरातिशूर पुत्रांपैकी एकाच्या सन्मान्य स्मृतीस ही शिळा अर्पण आहे, असा तिचा आशय.

या प्रकारच्या ओळींचेही एक शास्त्र आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने असा नियम केला की, सरदार असो की शिपाई, सर्वांच्या शिळा एकाच मापाच्या असाव्यात. मृताच्या आप्तांस शिळेच्या तळाशी एक ओळ देण्याची मुभा होती. तीत अक्षरे व मोकळ्या जागा धरून सहासष्टांहून अधिक खुणा नसाव्यात. एका आयुष्यास सहासष्ट अक्षरे! संस्कृत अनुष्टुभाच्या दोन श्लोकांत चौसष्ट अक्षरे येतात, त्याहून दोन अधिक. वेलिणकराची ओळ या मर्यादेत सहज बसते, किंबहुना थोडी जागा शिल्लकही राहते.

ही ओळ प्रथम वाचणाऱ्या आजच्या मराठी वाचकास ती बहुधा आवडणार नाही. तीत मुलाचा स्वभाव नाही, घर नाही, मुंबई नाही, आईची हाक नाही. 'साम्राज्याचा पुत्र' हे शब्द सरकारी भाषणातून उचललेले वाटतात. त्यातून इंद्रलाल राय याची शिळा पाहिली म्हणजे मन अधिकच खट्टू होते. राय हा बंगाली तरुण एकोणिसाव्या वर्षी, २२ जुलै १९१८ रोजी, म्हणजे वेलिणकराच्या मागोमाग तीनच आठवड्यांनी मारला गेला. तत्पूर्वी दोन आठवड्यांच्या आत त्याने शत्रूची दहा विमाने पाडली होती. फ्रान्समधील एस्तव्हेल येथे त्याची समाधी आहे, आणि तिच्यावर बंगालीत लेख आहे. ही महावीराची समाधी आहे, तिचा मान राखा, तिला स्पर्श करू नका, असा त्याचा अर्थ. त्या लेखात साम्राज्याचे नाव नाही. परमुलखात, परधर्मीयांच्या मातीत, जवळून जाणाऱ्या दहा हजारांत एकासही न कळणाऱ्या भाषेत ते कुटुंब आपल्या मुलाशी बोलले. वाङ्मय म्हणून पाहता ही ओळ श्रेष्ठ आहे, कारण तीत आज्ञा आहे आणि आज्ञेमागे जिव्हाळा आहे. वेलिणकराच्या शिळेवर मराठी असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

परंतु टीकाकाराने पहिल्या नावडीवर थांबू नये. 'साम्राज्याचा पुत्र' हे शब्द कोणी उच्चारले यावर त्यांचा अर्थ अवलंबून असतो. तेच शब्द गव्हर्नरने मुंबईच्या सभेत उच्चारले असते तर ते आमिष ठरले असते. शिळेवरील ओळ मात्र नियमाप्रमाणे आप्तांनी द्यावयाची असे. ज्या विमानदलात हिंदी माणसास शिरकाव मिळविण्यासाठी एवढ्या खटपटी कराव्या लागत, त्या दलाच्या दफनभूमीत, इंग्रजांना वाचता येईल अशा भाषेत, मृताच्या घरच्यांनी लिहिले की हा तुमच्या पुत्रांपैकी एक आहे, आणि शूरांपैकी आहे. हे शब्द त्या ठिकाणी स्तुतीचे उरत नाहीत. तो एक दावा होतो. मुलगा म्हणून घेतलेत, तर मुलाचा हक्क द्या. टाऊन हॉलमध्ये लोकमान्यांना जे बोलू दिले नाही, त्याच्याशी या दाव्याचे नाते निघते. ओळ देणाऱ्यांच्या मनात हा अर्थ होता असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. शब्द एकदा दगडावर गेले की ते मनातल्या हेतूपुरते राहत नाहीत, एवढेच म्हणावयाचे आहे. त्या दाव्याचे उत्तर काय मिळाले, हे १९१९ च्या रौलट कायद्याने व त्याच वर्षीच्या १३ एप्रिलला अमृतसरने सांगितले. 'वुमकर' चा 'वेलिणकर' झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी.

आता दुसरा मजकूर. व्हिव्हियन रोझवर्न हा लिलियन रोझवर्न या माउलीचा एकुलता एक मुलगा. आईने एकटीने, हालअपेष्टा सोसून, त्यास चांगले शिक्षण दिले होते. तो अडतिसाव्या तुकडीत वेलिंग्टन या बाँबफेकी विमानावर सहवैमानिक होता, आणि त्याचा तळ इंग्लंडच्या पूर्वेस नॉर्फोक परगण्यात मारहॅम येथे होता. डंकर्कहून ब्रिटिश सैन्याची माघार चालू असता, ३० मे १९४० च्या रात्री त्याचे विमान बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ पाडले गेले. तळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन कीथ यांस त्याच्या सामानात आईच्या नावाचे एक पत्र सापडले. त्यांनी ते आईकडे पाठविले, आणि पुढे तिच्या संमतीने, नाव न देता, 'टाइम्स' पत्रात १८ जून १९४० रोजी ते छापून आले. फ्रान्स पडला होता. चर्चिल यांनी पार्लमेंटात आपले प्रसिद्ध भाषण केले तो हाच दिवस. पत्राची पुस्तिका निघाली, आणि वर्षअखेरपर्यंत तिच्या पाच लाखांवर प्रती खपल्या. १९४१ साली मायकेल पॉवेल यांनी त्यावर एक लहानसा बोलपट केला व जॉन गिलगुड यांच्या आवाजात ते पत्र ऐकू आले. फ्रँक सॉलिसबरी यांनी छायाचित्रांवरून त्या मुलाचे तैलचित्र रंगविले.

पत्र निनावी असल्यामुळे ते कोणा सरकारी लेखकाने रचले असावे, असा संशय अनेकांस आला. नाव उघड झाल्यावर तो संशय फिटला. तथापि त्या संशयाचे कारण पत्रातच आहे. तेविशीतल्या मुलाने आईला लिहिलेल्या पत्राच्या मानाने त्यात व्यासपीठावरील वाक्ये फार आहेत. विश्व अफाट आणि अनादी आहे, त्यापुढे एका माणसाचे आयुष्य त्याच्या त्यागाच्या मापानेच सार्थ ठरते. खाणे, झोपणे आणि प्रजा वाढविणे एवढ्यातच ज्यांचे सुखाचे आयुष्य सरते ते पशूंहून वरचे नव्हेत. ख्रिस्ती धर्म व सुधारणा यांस एवढे मोठे आव्हान पूर्वी कधी मिळाले नव्हते, अशा आशयाचे हे विचार आहेत. एके ठिकाणी तर तो म्हणतो की, काही झाले तरी हे युद्ध चांगलेच आहे, कारण त्यामुळे प्रत्येकास आपल्या तत्त्वासाठी सर्वस्व देण्याची संधी मिळते. हे वाक्य वाचताना वाचक थबकतो. पुढील पाच वर्षांत काय घडले हे त्यास ठाऊक नव्हते, ही त्याची सबब मान्य केली तरी, मरणाच्या दारात उभ्या असलेल्या तरुणाने युद्धास चांगले म्हणावे, हे त्या तरुणाविषयी जितके सांगते, त्याहून अधिक त्यास शिकविणाऱ्या जगाविषयी सांगते.

दुसरे एक उणे याहून मोठे आहे. हा मुलगा बाँबफेकी विमानावर होता, आणि त्याच्या पत्रात कोठेही बाँब पडत नाही. आपल्या कामाचा हिशेब आईला देताना तो उत्तर समुद्रावरील गस्त सांगतो, मालाच्या जहाजांचे मार्ग मोकळे राखल्याचे सांगतो, दीपगृहाकडे जाणारे एक मोडके जहाज व त्यावरील माणसे आपल्या माहितीमुळे वाचल्याचे सांगतो. हे सर्व खरेच असावे, कारण १९४० च्या मे महिन्याच्या मध्यापर्यंत जर्मनीच्या शहरांवरील मोठ्या हल्ल्यांस आरंभ झाला नव्हता. आईस काय सांगावे आणि काय सांगू नये याची निवड प्रत्येक मुलगा करतो. ती त्याची हळुवारता आहे. परंतु पुस्तिकेच्या पाच लाख प्रती निघाल्या, तेव्हा एका मुलाची हळुवारता साऱ्या राष्ट्राचे मौन झाली. ज्यांच्यावर बाँब पडतात त्यांच्या आयांची पत्रे त्या पुस्तिकेत असणे शक्य नव्हते. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यावर जपानी बाँब पडले, तेव्हा खालून वर पाहणाऱ्याचे आकाश कसे असते हे आपल्या देशासही कळले. वैमानिकाचे पत्र कितीही सुंदर असले तरी ते आकाशाच्या वरच्या बाजूने लिहिलेले असते, हे विसरता कामा नये.

आणि आता तो शब्द. रोझवर्नच्या मते ब्रिटिश साम्राज्यात सर्वांस काही एका प्रमाणात शांतता, न्याय आणि स्वातंत्र्य आहे, आणि तेथील सुधारणेची पायरी इतर कोठल्याही देशाहून उंच आहे. 'सर्वांस' हा शब्द त्याने निःशंकपणे लिहिला. त्याच्या मनात कपट नव्हते; शाळेत जे शिकविले ते त्याने खरे मानले. परंतु ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयांनी येथील प्रतिनिधींस न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले होते, आणि त्याच वर्षअखेर प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळे राजीनामे देऊन बाहेर पडली होती. 'काही एका प्रमाणात' ही पुस्ती त्याच्या प्रामाणिक लेखणीतून सुटली, ती मात्र त्याच्या कल्पनेपेक्षा अधिक खरी होती. ते प्रमाण किती, हे ठाणे जिल्ह्यास विचारावे.

याच ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या मुलास कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह फाशी दिले होते. नाशिकच्या कलेक्टरास गोळी घातल्याचा तो खटला सर्वांस ठाऊक आहे. आणि रोझवर्नच्या मागून अडीच वर्षांनी, २ जानेवारी १९४३ रोजी, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. त्यांच्या दस्त्याने विजेच्या तारांचे मनोरे पाडून युद्धाच्या कारखान्यांची वीज तोडण्याचा उद्योग चालविला होता. रोझवर्न ज्या स्वातंत्र्यासाठी मेला त्याच नावाच्या वस्तूसाठी हेही मेले, आणि त्याच सरकारच्या हातून मेले. आपल्या लोकांनी या तरुणांची नावे चौकांना दिली, पोवाड्यांत घातली. वेलिणकराचे नाव मात्र मराठी घरांत फारसे ऐकू येत नाही. तो चुकीच्या बाजूने मेला, असे आपण मोठ्याने न बोलता ठरवून टाकल्यासारखे दिसते.

हा निवाडा न्यायाचा नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शौर्य आणि त्याचे कारण या दोन गोष्टी वेगळ्या तोलावयाच्या असतात. कान्हेरे व कोतवाल यांचे कारण आपले होते म्हणून त्यांचे ऋण अधिक, हे खरे. परंतु डॉल्फिनच्या चौकटीतून डोके बाहेर काढून, छत्रीवाचून, परक्या आकाशात शिरणाऱ्या मुंबईच्या पोराची छाती त्यामुळे लहान होत नाही. दुसऱ्या महायुद्धातही असे मराठी तरुण होते. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर यांनी त्र्याऐंशीव्या तुकडीत लँकॅस्टर या अवजड बाँबफेकी विमानावर नॅव्हिगेटरचे, म्हणजे मार्ग आखून देण्याचे काम केले. ते ज्या विमानांतून गेले त्यांपैकी एक आज लंडनच्या विमान संग्रहालयात जपून ठेवले आहे. सुखठणकर जिवंत राहिले. त्या बाँबफेकी दलातील सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ जण मेले, हे पाहता जगणे हीच तेथे अपवादाची गोष्ट होती. या आकड्यातील प्रत्येकाच्या सामानात एखादे पत्र असावे, आणि त्यांतील फार थोडी छापली गेली.

मग या दोन मजकुरांत टिकाऊ काय आहे? एक सोपी कसोटी लावून पाहता येते. दोहोंतून 'साम्राज्य' हा शब्द काढून टाकावा आणि काय उरते ते पाहावे. रोझवर्नच्या पत्रातून तो शब्द आणि त्याच्या मागोमाग येणारी सगळी भाषणे काढली, तर तीन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे त्याने आईस सांगितलेली मुदत : एक महिनाभर आशा धर, त्यानंतर खरे काय ते पत्कर. दुसरी, आईने एकटीने केलेल्या कष्टांची त्याने ठेवलेली आठवण. तुझा त्याग माझ्याएवढाच आहे, असे तो तिला सांगतो. तिसरी, त्याची एकमेव खंत : म्हातारपणी तुझ्याजवळ राहून तुला सुख देता आले नाही. या तीन ठिकाणी व्यासपीठ नाहीसे होते आणि खोलीत आई व मुलगा दोघेच राहतात. 'श्यामची आई' ज्या घरांत वाचली जाते, तेथे या खंतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाच लाख लोकांनी ती पुस्तिका घेतली ती सुधारणेवरील परिच्छेदासाठी नव्हे. त्या परिच्छेदासाठी ती छापली गेली असेल. घेतली गेली ती या खंतीसाठी.

वेलिणकराच्या शिळेवरून तोच शब्द काढला, तर 'शूर पुत्र' एवढेच उरते. अकरा शब्दांच्या ओळीतून दोनच शब्द; परंतु तेही तेच आहेत. साम्राज्य १९४७ साली येथून गेले आणि आज जगातही उरले नाही. कोणाचा तरी पुत्र, ही गोष्ट राहिली. शिळेवरील सगळ्यात मोठा शब्द सगळ्यात आधी झिजला, आणि सगळ्यात साधा शब्द राहिला.

आपल्या जुन्या वीरगळांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. बोरिवलीजवळ एकसर येथे, साष्टीच्या जुन्या मुलखात, नौकायुद्धाचे वीरगळ उभे आहेत. गलबते वल्हविली जात आहेत, माणसे पडत आहेत, त्यांच्या वरच्या थरात अप्सरा वीरास उचलून नेत आहेत, आणि त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. बहुतेक वीरगळांवर नाव नसते. कोणत्या राजासाठी तो लढला, बाजू न्यायाची होती की नाही, हे पंडितांनी वाद घालून ठरवावयाचे. गावच्या बाईस त्याचे काही नसते. ती शेंदूर लावते, कारण कोणाचा तरी मुलगा येथे पडला एवढे तिला दगडावरून दिसते. वीरगळ घडविणाऱ्या पाथरवटास सहासष्ट अक्षरेही मिळाली नव्हती, आणि तरीही त्याचा लेख अजून वाचता येतो.

तथापि वीरगळाचे मौन आपणांस पुरणार नाही. आपण लिहितावाचता येणारी माणसे आहोत, आणि वेलिणकराचे नाव एकदा दगडावर मोडले होते ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या शिळेवर आता नवी ओळ कोरता येणार नाही, कोरूही नये. त्याच्या घरच्यांनी दिलेली ओळ तशीच राहावी. परंतु शिळेखालची सहासष्ट अक्षरे हीच त्याच्याविषयी बोलण्याची सीमा आहे, असे आपण का मानावे? कान्हेरे यांच्या नावाशेजारी त्याचे नाव ठेवले म्हणजे कान्हेरे यांचा मान उणा होतो, अशी भीती ज्यांस वाटते त्यांनी दोघांच्या वयांकडे पाहावे. एक अठरा वर्षांचा होता, दुसरा तेवीस. दोघांच्याही घरी त्या वर्षी कोणी तरी महिनाभर दाराकडे पाहत बसले असेल. रोझवर्नने आपल्या आईस तेवढीच मुदत दिली होती.